ताई-चीचा वर्ग: जागा, पाऊल आणि गुडघा

ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम. वर्गाच्या बोर्डावर ‘ताई ची’ असं सुटं लिहिलं की निम्मे लोक ‘कुठल्या ताईची शिकवणी?’ विचारतात. मध्ये आडवी रेघ द्या. आणि ही ‘ची’ म्हणजे प्राणशक्तीवाली ची नव्हे. चिनीत ते दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं की बराच गूढपणा आपोआप गळतो.

नवख्यांसाठी यांग या ताई-ची घराण्याचा २४ हालचालींचा संच घ्यावा. १९५६ मध्ये चीनमध्ये तो मुद्दाम सोपा करून बसवला गेला. सलग केला तर पाच-सहा मिनिटांत होतो. शिकायला मात्र आठवड्याला तीन दिवस धरले तर पाच-सहा महिने द्या. ‘महिन्यात पूर्ण संच’ सांगणाऱ्याकडे नाव घालण्याआधी एक तास नुसतं बसून पाहा. तो चुकणाऱ्याच्या पायाकडे बघतो का, की स्वतःच्याच हाताच्या डौलात रमलाय?

नाशकात कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणारे चिक्कार, माणसं तिथे मिळतात. पण वर्ग वाटेवर भरवू नका, चालणाऱ्यांचे धक्के लागतात. महापालिकेच्या उद्यानात रोज जमायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बूट अडकतो, दव पडलेल्या हिरवळीवर टाच घसरते. कोटा किंवा साधी फरशी, तीही कोरडी, सगळ्यात बरी. पावसाळ्यात सोसायटीचा हॉल किंवा समाजमंदिर आधीच ठरवून ठेवा. गच्ची नको, शेवाळ धरतं. जानेवारीत नाशकात सूर्य सातनंतरच उगवतो आणि थंडी कडक असते, म्हणून सहाची वेळ साडेसातवर न्या आणि अंग मोकळं करायला दहाऐवजी पंधरा मिनिटं द्या.

बारा जणांना साधारण ४० बाय २५ फूट जागा लागते. इथे हमखास फसगत होते: लोकांना मधोमध उभं केलं जातं. या संचात सुरुवातीच्या हालचाली डावीकडेच सरकत जातात, त्यामुळे डावीकडचे दोघे थेट भिंतीला लागतात. ओळी उजव्या भिंतीजवळ लावा, डावीकडे १५ फूट मोकळं सोडा. पुढे वळणं येतात तेव्हा टोकाच्या माणसासमोर बघायला कुणीच उरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना एकेक जुना विद्यार्थी हवा. शिकवणाऱ्याने वर्गाकडे पाठ करूनच दाखवावं. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं.

आता पाऊल. ‘घोड्याची आयाळ’ या दुसऱ्याच हालचालीवर पूर्ण आठवडा घाला. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय पुढे टाकून फक्त टाच टेकवलेली. इथे थांबवून सांगा, ‘पाय परत उचला.’ अंगाला झोका न बसता उचलता आला तर पाऊल बरोबर. झोका बसला तर भार आधीच पुढे गेला, पाऊल आखूड घ्या. दोन टाचांमध्ये आडवं अंतर वीतभर तरी हवं. दोरीवर चालल्यासारखे पाय एका रेषेत आले की माणूस डुलतो आणि दोष वयाला देतो. मग तळवा टेकवून साधारण ७० टक्के भार पुढे. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत, बोटांच्या पुढे नाही.

पुढच्या पावलासाठी आधी मागे बसा, पुढच्या पायाची बोटं उचला, तो टाचेवर वळवा आणि मगच भार द्या. भार असताना पाय वळवला की पीळ थेट गुडघ्याला बसतो. ‘ताई-चीने गुडघे दुखायला लागले’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं, नाहीतर हौसेने फार खाली बसणं. साठीच्या पुढच्यांनी उंचच उभं राहावं, त्यात कमीपणा नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ताई-चीची ठाम शिफारस आहे. ती शिफारस खोल बैठकांची मात्र नव्हे. अँजिओप्लास्टी किंवा गुडघा बदलाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून लगेच सांगावं.

येताना पातळ, सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट घाला. जाड टाचेच्या धावण्याच्या बुटांत जमीन कळत नाही. मिसळ वर्गानंतर, आधी नको. घरी रोज दहा मिनिटं पुरेत, पण मोबाईलवरच्या चेन घराण्याच्या व्हिडिओवरून नव्हे. त्यातल्या गिरक्या आणि जोराचे फटके इथे मिसळले की आठवडाभराची मेहनत वाया.

फी महिन्याची न घेता तीन महिन्यांची घ्यावी. महिन्याची घेतली की दिवाळीला गेलेला माणूस परत येतो तो थेट संक्रांतीला, आणि त्याच्यासाठी सगळ्यांना पुन्हा पहिल्या पावलावर यावं लागतं.