जुन्या कोचबिल्ट लिमोझिनचा पहिला मालक कसा शोधायचा

जुनी लिमोझिन घ्यायला गेलात की पहिली गोष्ट कानावर पडते ती म्हणजे "ही अमक्या राजाची गाडी होती". ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा, पण त्या गोष्टीसाठी एक पैसासुद्धा जास्तीचा मोजू नका. पहिला मालक कोण ते गाडीच सांगते, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रोल्स-रॉईस तयार गाडी विकतच नव्हती, ते इंजिनासकट चेसिस, म्हणजे बॉडीखालची चाकांसकट फ्रेम, द्यायचे आणि बॉडी गिऱ्हाईक स्वतःच्या पसंतीने हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली अशा कोचबिल्डरकडून, म्हणजे गाडीच्या बॉड्या बांधणाऱ्या कंपन्यांकडून, बांधून घ्यायचं. म्हणून अशा गाडीला दोन जन्मदाखले असतात, एक चेसिस नंबर आणि दुसरा बॉडी नंबर, आणि दोन्ही वेगवेगळे शोधावे लागतात.

सुरुवात चेसिस नंबरपासून करा. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरच्या, प्लेटवर तो मिळेल, पण प्लेट बदलता येते, त्यामुळे फ्रेमवर ठोकलेला नंबरही शोधा, ग्रीस आणि गंज साफ करून नीट वाचा, फोटो काढा. रोल्स असेल तर इंग्लंडच्या रोल्स-रॉईस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे कंपनीची मूळ चेसिस कार्डं जपलेली आहेत, त्यांच्याकडून कॉपी मागवता येते, आणि ते कार्ड हातात आलं ना की अक्षरशः अंगावर काटा येतो, कारण त्यात गिऱ्हाईकाचं नाव, कोचबिल्डर, डिलिव्हरीची तारीख, स्टीअरिंगचा कॉलम किती कललेला हवा, गाडी शहरात चालणार की लांबच्या प्रवासाला, असलं बारीकसारीक सगळं सापडू शकतं. पॅकार्ड, म्हणजे त्या काळची अमेरिकन गाडी, असेल तर काम अजून सोपं, फायरवॉलवरच्या प्लेटवर डीलरचं नाव, गाव आणि डिलिव्हरीची तारीख ठोकलेली असायची.

एक सांभाळा, कार्डावरचं पहिलं नाव कधीकधी डीलरचं असतं. गाडी शोरूमच्या स्टॉकसाठी घेतलेली असायची आणि खरा मालक नंतर आलेला असायचा.

आता बॉडी. या बॉड्यांचा सांगाडा बहुतेक लाकडाचा, आणि कोचबिल्डर आपला जॉब नंबर लाकडावर, सीटच्या फ्रेमवर, दाराच्या आतल्या पट्टीवर ठोकून ठेवायचे. आम्ही एका गाडीच्या दारांचं ट्रिम, म्हणजे आतलं अस्तर, हळूच सोडवलं तेव्हा तीन दारांवर एकच नंबर निघाला आणि मागच्या डाव्या दारावर काहीच नाही, लाकूडही जरा फिकट, म्हणजे ते दार कधीतरी नंतर बनवलेलं. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. कोचबिल्डरच्या कागदांचा माग काढताना हेही लक्षात ठेवा की बार्कर 1938 मध्ये हूपरकडे गेली आणि पार्क वॉर्ड 1939 मध्ये रोल्स-रॉईसकडे, त्यामुळे कागद दुसऱ्याच नावाखाली असू शकतात.

बॉडी मूळची आहे का हे बघितल्याशिवाय मालकाचं नाव गाडीला चिकटवू नका. बुगाटी रॉयाल या फ्रेंच आलिशान गाडीचंच बघा, मोजक्याच बनल्या आणि त्या काळात तीनच विकल्या गेल्या. पहिली 1932 मध्ये आर्मां एस्देर्स यांनी घेतली, दोन सीटची उघडी रोडस्टर, तीही हेडलाइटशिवाय, आणि पुढे त्याच चेसिसवर बिंडेर या कोचबिल्डरने वेगळीच कूपे दे व्हिल (ड्रायव्हरची जागा उघडी, मागची बंद) बॉडी चढवली. मग आज ती बघून "एस्देर्सची गाडी" म्हणायचं तर अर्धंच खरं. उलट कॅप्टन कथबर्ट फॉस्टर यांची 1933 ची लिमोझिन पार्क वॉर्डच्या मूळ बॉडीसकट फ्रान्समधल्या म्यूलूजच्या म्युझियममध्ये आहे.

राजघराण्याची गोष्ट असेल तर आधी मॉडेल तपासा. रोल्स-रॉईसच्या फँटम फोर फक्त 18 बनल्या आणि त्या राजघराण्यांना आणि राष्ट्रप्रमुखांनाच दिल्या, पहिली 1950 मध्ये प्रिन्सेस एलिझाबेथ आणि ड्यूक ऑफ एडिनबरा यांना. बाकी मॉडेल मात्र पैसेवाला कोणीही घेऊ शकत होता, त्यामुळे तिथे नुसती गोष्ट चालत नाही, कागद लागतो.

आतून गाडी वाचायला वेळ द्या. पुढे ड्रायव्हरची सीट लेदरची आणि मागे मालकासाठी मऊ लोकरी कापड, मध्ये काच, हे नेहमीचं. पण ड्रायव्हरशी बोलण्याची नळी कुठल्या बाजूला आहे, घडीच्या सीट किती आहेत, टोपी घालून बसता येईल एवढं छत उंच आहे का, यावरून मालक कसा राहत होता ते कळतं.

आणि रंग काढायला मशीन लावायच्या आधी मागच्या दारांवर अंधारात टॉर्च आडवी धरून बघा, जुना मोनोग्राम किंवा घराण्याचं चिन्ह वरच्या रंगातून कधीकधी उंचवट्यासारखं दिसतं. दिसलं तर तेवढा भाग हाताने, बारीक पॉलिश पेपरने, एकेक थर काढत जा आणि प्रत्येक थराचा फोटो ठेवा.