म्हाताऱ्या सापाचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय काय करायचं (आमच्या आक्काच्या अनुभवावरनं)

आमची आक्का म्हंजे बॉल पायथन (बाहेरदेशचा एक बिनविषारी छोटा अजगर), मादी, वय १९ च्या आसपास, वजन १६४० ग्रॅम. मागच्या डिसेंबरात तिच्या डाव्या बरगडीजवळ सुपारीएवढी गाठ आली आणि ती काढायला पुण्याला एक्झॉटिक म्हंजे साप-कासवासारखे वेगळे पाळीव प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडं न्यावी लागली. घरात सगळे म्हणत होते की आता एवढ्या म्हातारीला कशाला चिरताय, पण बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमधल्या एका मादीनं तर २०२० मध्ये, साठी उलटून गेल्यावर अंडी घातली होती, त्यामुळं १९ म्हंजे काय लई नव्हे.

गाठ निघाली पूची. डॉक्टरांनी डिशमध्ये काढून दाखवली तेव्हा मला आधी कळलंच नाही काय आहे ते, कारण पू म्हटल्यावर आपण पातळ धरतो आणि हा तर वाळलेल्या खव्यासारखा, थरांचा, कडक गोळा. सापाचा पू असाच घट्ट असतो, वाहून जात नाही आणि दाबून निघत नाही, म्हणून घरी ब्लेडनं फोडायच्या भानगडीत कुणी पडू नका, भोवतीच्या पिशवीसकट डॉक्टरांनाच काढावा लागतो.

पुढं जायच्या आधी एक सांगतो. नाग, धामण, दिवड, आपला अजगर, यातला एकही साप घरात ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. जखमी साप दिसला तर १९२६ वर वनखात्याला फोन करायचा, खाली लिहिलंय ते त्याच्यावर करून बघायचं नाही. बॉल पायथन बाहेरदेशचा, पण त्याची पण केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती नसेल तर आधी ते काम उरका.

डॉक्टरांकडनं निघताना

साप पूर्ण शुद्धीत आल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. सापाला भूल उतरायला तासन् तास लागतात, म्हाताऱ्याला त्याहून जास्त. डॉक्टर त्याला हलकेच उताणा करतात आणि तो स्वतःहून पालथा झाला, जीभ आत-बाहेर करायला लागला म्हंजे गडी शुद्धीवर आला. आमची आक्का सकाळी अकराला टेबलावर गेली आणि संध्याकाळी सहाला कुठं पलटी मारली. मी तिथनं निघायची घाई करत होतो, डॉक्टरांनी बसवून ठेवलं, बरं केलं.

प्रवासाला सुती उशीचा अभ्रा, उलटा करून म्हंजे आतले दोरे बाहेर राहतात, तोंडाला गाठ, आणि तो अभ्रा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यात हायवेला कुठं ना कुठं काम चालूच, म्हणून डब्याच्या तळाला टॉवेलची घडी घातली. एसी बंद ठेवला. कराडला आम्ही चहाला उतरलो पण एक जण गाडीतच बसला, डबा एकटा गाडीत ठेवायचा नाही, ऊन असो नाहीतर थंडी.

घर: मोठा टँक विसरा, साधा टब करा

नेहमीचा टँक कितीही भारी सजवलेला असू दे, पेशंटला तो नको. झाकणाचा मोठा प्लास्टिक टब घ्या, बाजूला भोकं पाडा, खाली पांढरा किचन पेपर अंथरा. पांढराच का, तर रक्ताचा एक थेंब किंवा पिवळं पाणी लागलं तरी लगेच दिसतं. भुसा, माती, नारळाचा काथ्या, सालीचे तुकडे काही नको, सगळं जखमेला चिकटतं. फांद्या, दगड काढून टाका, कारण म्हाताऱ्या सापाचे मणके आखडलेले असतात, पकड सैल झालेली असते, वरनं पडला तर टाके उसवणार.

लपायला खोका मात्र पाहिजेच, नाहीतर साप टेन्शनमध्ये नुसता फिरत राहतो. आम्ही कोल्हापुरी चपलांचा पुठ्ठ्याचा खोका वापरला, एका बाजूला दार कापलं, घाण झाला की फेकून दुसरा. स्टेपलरच्या पिना मात्र आधी उपसा, मी बोटानं चाचपून काढल्या तर एकाच खोक्यात चार निघाल्या.

पाण्याची वाटी लहान आणि जड, पिण्यापुरतीच. डुंबता येईल असं भांडं नको, जखम दोन-तीन आठवडे भिजता कामा नये, पण पाणी चोवीस तास पाहिजेच, कारण म्हाताऱ्या सापाची किडनी आधीच दमलेली असते आणि औषधांचा भार पण तिच्यावरच.

आणि मुंग्या! हे कुठं कुणी सांगत नाही. औषधाच्या आणि जखमेच्या वासानं तिसऱ्या दिवशी टबाकडं लाईन लागली. आईनं बघितलं आणि गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतात तसं केलं, टब स्टुलावर आणि स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. मुंग्यांची पावडर किंवा खडू टबाजवळ वापरू नका, ते सापाला विषारी. पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर भोकांवर बारीक जाळी पण लावा, माशी जखमेवर बसली की अळ्या व्हायला वेळ लागत नाही.

ऊब, सगळ्यात महत्त्वाचं

सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. बाहेर गार असेल तर रक्तातल्या पेशी ढिल्या पडतात, जखम भरत नाही, अँटिबायोटिक दिलं तरी अंगात नीट फिरत नाही. म्हणून औषध वेळेवर आणि टब गार, असं असेल तर इंजेक्शनचे पैसे पाण्यात.

बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २६-२७, आणि रात्री पण २४-२५ च्या खाली नाही. हीट मॅट टबाच्या बाहेरनं, खाली, साधारण एक तृतीयांश भागात लावायची म्हंजे त्याला नको झालं तर सरकता येतं. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या अंशाला मॅट बंद-चालू करणारं यंत्र) कंपल्सरी आणि त्याचा प्रोब, म्हंजे तापमान मोजणारी वायर, टेपनं पक्का चिकटवलेला, कारण तो सरकला की मॅट तापतच जाते आणि साप भाजला तरी जागचा हलेलच असं नाही, औषधाच्या गुंगीत तर नाहीच नाही. गरम दगड म्हणून जे विकतात ते घेऊ नका. मॅटच्या जागेवर रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःचा तळहात दोन मिनिटं ठेवून बघा, आपल्याला चटका वाटला तर त्याला पण बसतोय.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ ला येतो आणि लाईट जाते ती नेमकी तेव्हाच. आमच्याकडं पाचव्या रात्री तीनला गेली. इन्व्हर्टर होता पण ती खोली त्याच्यावर जोडलेलीच नव्हती, हा माझाच गाढवपणा. मग गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून टबाच्या बाहेरनं दोन्ही बाजूंना टेकवल्या, वरनं चादर घातली, भोकं उघडी ठेवली आणि दर तासाला पाणी बदललं. तुम्ही आधीच वायरिंग बघून घ्या.

हवेतला ओलावा ५५-६० टक्के पुरे. पावसाळ्यात आपल्याकडं तो असाच ऐंशीच्या वर जातो, तेव्हा झाकणाला भोकं वाढवा आणि कागद दिवसातनं दोनदा बदला.

जखम बघायची, छेडायची नाही

रोज एकदा, उजेडात, एक मिनिट. मी रोज त्याच कोनातनं मोबाईलवर फोटो काढायचो, म्हंजे कालच्यापेक्षा सूज वाढली का हे अंदाजानं नाही तर बघून कळतं. टाके बघून घाबरू नका, कडा ओठ बाहेर मुडपल्यासारख्या उभ्या दिसतात. सापाची कातडी आत वळायला बघते म्हणून टाके मुद्दाम तसे घालतात.

कडेला थोडा लालसरपणा, कोरडी खपली हे चालतं. ओल, घाण वास, पिवळसर-हिरवट पाणी, काळी पडलेली कड, टाका सुटणं यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाका-तोंडातनं बुडबुडे येतायत, डोकं विनाकारण आकाशाकडं वळवतोय, तर फोनवर थांबू नका, गाडी काढा.

हळद लावू का, हा प्रश्न आपल्या घरात येणारच, आमच्यात मावशीनं तर वाटीत कालवून पण आणली. नको. डेटॉल नको, स्पिरिट नको, खोबरेल नको. डॉक्टरांनी सांगितलं तरच बेटाडीन, ते पण कोऱ्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून, कापसाचे धागे राहतात म्हणून गॉजनं टिपायचं, घासायचं नाही. आणि शेजारच्या काकू बातमी ऐकून दूध-लाह्या घेऊन येतील, त्यांना चहा द्या, दूध आपण प्या. सापाला दूध पचत नाही.

इंजेक्शन

आक्काला सेफ्टाझिडीम नावाचं अँटिबायोटिक होतं, दर ७२ तासांनी एक. माणसाला दिवसातनं दोन-तीनदा लागणारं औषध सापाला तीन दिवस पुरतं, एवढं त्याचं शरीर सावकाश चालतं. डॉक्टरांनी डोस भरून सिरिंज गोठवून दिल्या होत्या. एक काढायची, तळहातात धरून वितळू द्यायची, मायक्रोवेव्ह नाही. तीन दिवसांचा हिशोब डोक्यात राहत नाही, मी कॅलेंडरवर गोल केले.

टोचायचं पाठीच्या कण्याच्या शेजारच्या स्नायूत आणि शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागातच. मागच्या भागातलं रक्त आधी किडनीतनं जाऊ शकतं, त्यामुळं औषध अंगात पसरायच्या आधीच तिथं पोचतं आणि म्हाताऱ्या किडनीला ते परवडत नाही. सुई खवल्यातनं नाही, दोन खवल्यांच्या मधनं तिरकी घालायची, एकदा डावी बाजू तर पुढच्या वेळी उजवी. पहिलं डॉक्टरांसमोर स्वतः देऊन बघा, लाजू नका. एकानं धरायचं, एकानं टोचायचं, आणि धरणाऱ्यानं मधल्या अंगाला खालनं आधार द्यायचा, जखमेच्या जागी वाकता कामा नये. माणसाची वेदनेची गोळी चुरून देणं वगैरे अजिबात नाही, दुखण्याचं औषध लागलं तर डॉक्टर देतात.

खायला घालायची घाई, म्हंजे माझी चूक

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चौदा दिवस काही नाही. किचनच्या काट्यावर वजन केलं तर १५८५ भरलं, आई म्हणाली पोरगी सुकली, आणि मी नवव्या दिवशी नेहमीचा शंभर ग्रॅमचा, गोठवून ठेवलेला मेलेला उंदीर वितळवून दिला. आक्कानं गपकन घेतला, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळा उलटला, अर्धवट पचलेला, आणि त्या वासानं घरात तासभर कुणाला बसवेना. वर उलटी करताना टाक्यांवर ताण आला तो वेगळा, आणि वजन गेलं १५३० वर.

उलटी झाली की परत दोन आठवडे उपास. मग अगदी लहान, नेहमीच्या पाव हिश्शाएवढा, आक्काला मी पंचवीस ग्रॅमचा दिला. तो पचून शी झाली की पुढचा थोडा मोठा. मेलेलाच द्यायचा, जिवंत उंदीर आजारी सापाला चावून काढतो. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. नाही खाल्लं तरी जीव टांगणीला लावू नका, थंडीत धडधाकट बॉल पायथन पण दोन-दोन महिने तोंड लावत नाही. वजन आठवड्याला एकदा, त्याच वारी, आणि ऑपरेशनच्या दिवसापेक्षा दहा टक्के उतरलं तर फोन करायचा. ५५ ग्रॅमला मी उगाच हबकलो होतो.

वाटी, चिमटा, टब किचनच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत. सापाच्या अंगावर साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारे जंतू) असू शकतो, दरवेळी साबणानं हात धुवा, आणि पाच वर्षांखालची पोरं, घरातले म्हातारे यांना टबापासनं लांब ठेवा. गल्लीतली पोरं बघायला येतील, त्यांना फोटो दाखवा.

कात आणि टाके

माणसाचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, सापाचे सहा-आठ आठवडे राहतात, आणि बरेच डॉक्टर एक कात पडायची वाट बघतात. जखम झाली की कात लवकर टाकतो, आक्कानं पाचव्या आठवड्यात टाकली. डोळे निळसर-दुधी झाले की समजायचं आली, तेव्हा ओलावा थोडा वाढवा, खोक्यात कागदाचा ओला बोळा टाका, पण जखमेच्या बाजूला नाही. कात टाक्यांपाशी अडकणारच. ओढायची नाही! आमच्याकडं हाताच्या रुंदीएवढा तुकडा टाक्यांना लोंबत राहिला, मी कात्रीनं लांबचा भाग कापला आणि बाकीचा तसाच ठेवला, तो टाके काढताना डॉक्टरांनीच सोडवला.

टाके निघाले ४९ व्या दिवशी. तिथले खवले आता वेडेवाकडे आलेत, त्या जागी दरवेळी कातीचा छोटासा तुकडा राहतो, म्हणून प्रत्येक कातीनंतर तेवढी जागा बघून घ्यावी लागते. परवाच्याच कातीत राहिला होता, ओल्या टॉवेलवरनं अर्धा तास तिला सरकू दिलं, निघाला.