१ मेच्या सकाळी अख्ख्या कुटुंबाचे मैदानी खेळ कसे घ्यावेत

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि हा दिवस नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. आते-मामे भावंडे गावी जमलेली असतात. झेंडावंदन झाले की मुलांच्या शर्यती लागतात आणि मोठी माणसे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. ही वाटणी मोडा. आजीपासून बालवाडीतल्या नातवापर्यंत सगळे एकाच संघात खेळू शकतात, नियम तेवढे थोडे सैल करायचे.

खेळ सात वाजता सुरू करा आणि साडेनऊला थांबवा. विदर्भ-मराठवाड्यात त्यानंतरचे ऊन बाधते. कोकणात ऊन सौम्य वाटले तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत राहते. माणशी किमान दोन पेले पन्हे किंवा कोकम सरबत धरा. तीस माणसांना २०० मिलीच्या पेल्याने बारा लिटर लागेल. साधे पाणी वेगळे ठेवा. कुणाला गरगरले की खेळ थांबवून त्याला सावलीत न्या, मानेवर-काखेत ओला पंचा ठेवा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली, तर काही पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

संघ पाडणे

कप्तानांना गडी निवडू दिले की लहान आणि म्हातारे शेवटी उरतात, आणि ते त्यांना कळते. त्यापेक्षा सगळ्यांना वयाप्रमाणे रांगेत उभे करा आणि एक-दोन, एक-दोन म्हणत संघ पाडा. रायगड आणि सिंधुदुर्ग अशी नावे द्या, दंडाला दोन रंगांच्या कापडी फिती बांधा. तिरंगा मात्र खेळाच्या सामानात नको. ध्वजसंहितेनुसार तो सजावटीला वापरता येत नाही, आणि कागदी झेंडेही जमिनीवर टाकायचे नसतात. धावपळीत ते हमखास पायदळी येतात.

मैदानातले खडे आणि काचा आदल्या दिवशीच वेचा. रेषांसाठी फक्की किंवा रांगोळी घ्या. कळीचा चुना नको, तो डोळ्यात गेला तर भाजतो.

लगोरी

सगळ्या वयांना सामावून घेणारा याच्यासारखा खेळ नाही, म्हणून निम्मा वेळ याला द्या.

१. सात चपट्या लगोऱ्या जमवा. तळाची साधारण वीतभर रुंद, वरची बशीएवढी. कौलाचे तुकडे चालतात, पण कडा दगडावर घासून बोथट करा. गोलसर दगड एकमेकांवर बसत नाहीत, मग रचताना सगळा खेळ अडून राहतो.

२. मधोमध तीन फूट व्यासाचे रिंगण आखून त्यात लगोऱ्या रचा. नेमाची रेषा मोठ्यांसाठी पंधरा फुटांवर, दहा वर्षांखालच्यांसाठी आठ फुटांवर.

३. प्रत्येकाला तीन चेंडू. वापरून मऊ झालेला टेनिसचा चेंडू उत्तम. तो ओला होऊ देऊ नका, जड होतो आणि सणसणीत लागतो.

४. लगोरी फुटली की फोडणारा संघ ती पुन्हा रचणार, दुसरा संघ चेंडू मारून गडी बाद करणार. चेंडू कमरेखालीच मारायचा. वर लागला तर गडी बाद नाही. चेंडू हातात असताना पळायचे नाही, साथीदाराकडे फेकायचा.

५. सातही रचून ‘लगोरी!’ अशी आरोळी दिली की एक गुण.

आजी-आजोबांसाठी जोडी लावा: नेम त्यांचा, धावणे नातवाचे. बसल्या बसल्या नेम धरायचा असेल तर खुर्ची आठ फुटांच्या रेषेवर ठेवा.

लंगडी

घरच्या खेळाला वीस फुटी चौकोन पुरे. सहा गडी आत, एक लंगडी घालणारा, डाव तीन मिनिटांचा. दुसरा पाय टेकला किंवा मध्येच पाय बदलला तर लंगडी घालणारा बाद. आतला रेषेबाहेर गेला की तोही बाद. पेव्हर ब्लॉकवर हा खेळ घेऊ नका, घोट्याला आणि गुडघ्याला हिसका बसतो. गुडघेदुखीवाल्यांकडे शिट्टी आणि घड्याळ द्या.

लिंबू-चमचा दहा मीटरचा ठेवा. चमचा दातांत नको, हातातच धरायला सांगा. तोंडात चमचा असताना पोर पडले तर टाळूला इजा होते.

रस्सीखेच शेवटी

वीस मीटरचा सुती किंवा काथ्याचा दोर घ्या, मनगटाएवढा नाही पण मुठीत नीट मावेल इतका जाड. नायलॉनचा दोर तळहात सोलतो, ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो. दोराच्या मध्यावर एक फीत बांधा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर एकेक. जमिनीवरच्या रेषेपलीकडे समोरच्यांची फीत आली की जिंकलात. डोकी मोजून नव्हे, अंगापिंडाकडे बघून बाजू तोलून घ्या: एक धिप्पाड काका दोन पोरांना भारी पडतो. दोर हाताला किंवा कमरेला कुणीही गुंडाळायचा नाही. शिट्टी होईपर्यंत सोडायचाही नाही, कारण एका बाजूने अचानक सोडला की समोरचे सगळे उताणे पडतात.