ऑस्ट्रेलियाला स्थलांतर: पुण्यातल्या कुटुंबाने अर्जापूर्वी करायची तयारी

कौशल्याधारित व्हिसावर ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायचे ठरले की घरात पहिली चर्चा सिडनी की मेलबर्न अशी होते. तयारीचा आरंभ मात्र कपाटातल्या कागदांपासून करावा. काही कागद एकदा हाती आले की जन्मभर चालतात, पण ते मिळवायला महिने जातात. काही कागद आठवडाभरात मिळतात, पण वर्षभरात त्यांची मुदत संपते. कामांचा क्रम या एकाच निकषावर लावावा: मुदत नसलेले आणि वेळखाऊ कागद सर्वांत आधी, मुदतीचे कागद शेवटी. पोलिसांचा दाखला आधी काढून ठेवायचा आणि विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व वर्षांच्या गुणांच्या अधिकृत एकत्रित उताऱ्यासाठी) नंतर धावपळ करायची, हा उलटा क्रम पुष्कळ घरांत दिसतो आणि त्याचा आर्थिक भुर्दंडही पडतो.

सर्वांत आधी नावे तपासावीत. आपल्याकडे हे काम इतरांपेक्षा अवघड आहे, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते, वडिलांचे नाव कुठे पूर्ण असते तर कुठे नुसते आद्याक्षर. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर शिक्षणाचे सगळे कागद माहेरच्या नावाचे, पहिल्या नोकरीचे पत्रही त्याच नावाचे, आणि आधार, पॅन, पासपोर्ट सासरच्या नावाचे असतात. घरातल्या प्रत्येक व्यक्तीसाठी एक कागद घेऊन तिच्या सर्व दस्तऐवजांवर नाव आणि जन्मतारीख जशी छापली आहे तशी अक्षरशः उतरवून काढावी. पासपोर्टवरील नाव प्रमाण मानावे, जे बदलून घेता येईल ते बदलून घ्यावे, आणि गुणपत्रिकेसारखे जे बदलणार नाही त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हाच मुख्य दुवा ठरतो. मंगल कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका किंवा गुरुजींनी दिलेला कागद त्याची जागा घेऊ शकत नाही. नोंदणी राहून गेली असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती आता करून घ्यावी. लग्नाव्यतिरिक्त अन्य कारणाने नाव बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपावी.

मुलांच्या जन्मदाखल्याकडे याच वेळी लक्ष द्यावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत असल्याने पुण्यात वाढलेल्या मुलाची जन्मनोंद सोलापूर, सातारा किंवा लातूरच्या महापालिकेत वा नगरपालिकेत असते, आणि नोंदणीच्या वेळी नाव ठरलेले नसल्याने दाखल्यावर नावाचा रकाना कधी कधी रिकामाच राहिलेला असतो. नाव समाविष्ट करण्याचा अर्ज जिथे नोंद आहे तिथेच करावा लागतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लागू झाला आहे. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांच्या दाखल्यांवर नावाची रचना वेगवेगळी असू शकते. धाकट्याचा पासपोर्ट काढताना हे ध्यानात असू द्यावे.

पदवीच्या कागदांविषयी पुणेकरांना एक खुलासा जोडावा लागतो. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. पती-पत्नी दोघे त्याच विद्यापीठाचे, पण एकाच्या प्रमाणपत्रावर जुने आणि दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर नवे नाव, अशी जोडपी पुण्यात पुष्कळ आहेत. आपले शिक्षण आणि अनुभव तपासून कौशल्य परीक्षण करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील संस्थेला ही एकच संस्था आहे हे अर्जात एका वाक्यात स्पष्ट सांगावे. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट ही तिन्ही स्वतंत्र कागदपत्रे आहेत. एटीकेटी लागलेल्या विषयांच्या गुणपत्रिकासुद्धा टाकून देऊ नयेत.

कागद जमत असतानाच व्हिसाच्या पात्रतेसाठी वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांना मिळणाऱ्या गुणांचा हिशेब मांडावा. १८९ (स्वतंत्र), १९० (राज्याच्या नामांकनाचा) आणि ४९१ (महानगरांबाहेरचा) या तिन्ही कौशल्याधारित व्हिसांसाठी किमान ६५ गुण लागतात आणि निमंत्रण, म्हणजे अर्ज करण्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकारचे बोलावणे, मिळतेवेळी अर्जदाराचे वय ४५ पेक्षा कमी असावे लागते. वयाला २५ ते ३२ या टप्प्यात ३० गुण, ३३ ते ३९ मध्ये २५ आणि ४० ते ४४ मध्ये १५ गुण आहेत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ३८ वर्षांच्या अभियंत्याचे उदाहरण घेऊ. वयाचे २५, पदवीचे १५, परदेशातील म्हणजे येथे भारतातील ५ वर्षांच्या मान्य अनुभवाचे १० आणि इंग्रजीच्या प्रत्येक विभागात आयईएलटीएसचे ७ बँड असल्यास १० असे एकूण ६० होतात. म्हणजे तो पात्रही ठरत नाही. इंग्रजीत प्रत्येक विभागात ८ बँड मिळवले तर १० ऐवजी २० गुण मिळून बेरीज ७० होते. पण चाळिसावा वाढदिवस उलटला की एका दिवसात १० गुण जातात आणि तो पुन्हा ६० वर येतो. म्हणून वाढदिवसाची तारीख वेळापत्रकात ठळक लिहावी. ६५ ही केवळ पात्रतेची रेषा आहे. निमंत्रणे जास्त गुणांपासून खाली दिली जातात आणि मागणी असलेल्या व्यवसायांत ६५ वर भिस्त ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एखाद्या राज्याचे नामांकन मिळाल्यास १९० साठी ५ आणि ४९१ साठी १५ गुण वाढतात. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा असून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही महानगरे सोडून अन्यत्र राहण्याची अट त्याला आहे. ॲडलेड आणि पर्थ मात्र त्यात चालतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

या हिशेबात जोडीदाराची तयारी दुय्यम मानू नये, असे माझे ठाम मत आहे. जोडीदाराचे वय ४५ पेक्षा कमी असेल, त्याच्या व्यवसायाचे कौशल्य परीक्षण अनुकूल आले असेल आणि इंग्रजी किमान सक्षम पातळीचे असेल तर मुख्य अर्जदाराला १० गुण मिळतात. नुसते इंग्रजी असेल तरी ५ मिळतात. म्हणूनच मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आईचे जुने अनुभवपत्र महत्त्वाचे ठरते, आणि दोघांचे गुण वेगवेगळे मांडून मुख्य अर्जदार कोण व्हावे हे ठरवावे. अर्ज नवऱ्याच्याच नावे असला पाहिजे असे गृहीत धरून किती घरांनी आपले गुण कमी करून घेतले असतील!

मराठी भाषकांच्या हाती आणखी ५ गुण आहेत. ऑस्ट्रेलियाची नाटी ही संस्था सामुदायिक भाषेची सीसीएल नावाची परीक्षा ऑनलाइन घेते आणि तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. दोन संवाद ऐकून मराठीतले इंग्रजीत आणि इंग्रजीतले मराठीत तोंडी सांगायचे असते. ९० पैकी किमान ६३ आणि ४५ गुणांच्या प्रत्येक संवादात किमान २९ गुण लागतात. दवाखाना, विमा, भाडेकरार, न्यायालय, सरकारी भत्ते अशा विषयांवरचे बोलणे त्यात असते. घरात मराठी बोलणाऱ्या पण इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुणेकराला जामीन, थकबाकी, पालकत्व, शस्त्रक्रिया हे शब्द ऐनवेळी आठवत नाहीत. त्यासाठी दोन-तीन महिने मराठी वृत्तपत्रातील शहराची पाने मोठ्याने वाचून त्यांचा इंग्रजीत तोंडी सारांश सांगण्याचा सराव करावा. घरातले वडीलधारे याचे उत्तम परीक्षक असतात.

नोकरीच्या अनुभवाचे पत्र ही पुढची मोठी बाब. संगणक क्षेत्रासाठी एसीएस, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, परिचारिकांसाठी एएनएमएसी आणि इतर पुष्कळ व्यवसायांसाठी व्हेटॅसेस अशा परीक्षण संस्था आहेत. नुसते पदनाम आणि तारखा असलेले एचआरचे छापील पत्र त्यांना पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, सुरुवात आणि शेवटची तारीख, आणि सही करणाऱ्याचे पद असे सर्व हवे. कंपनी असे पत्र देत नसेल तर सोबत काम केलेल्या वरिष्ठाचे प्रतिज्ञापत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचे खाते-उतारे आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांची जुळणी करावी. भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात सुरुवातीची वर्षे काढली असतील तर तिथले पत्र सर्वांत आधी मिळवावे, कारण असे कारखाने बंद पडतात, मालक बदलतात आणि मग सही कोणाची घ्यायची हा प्रश्न सुटत नाही. गुण फक्त मागच्या १० वर्षांतील संबंधित अनुभवालाच आहेत आणि परीक्षण संस्था त्यातली सुरुवातीची काही वर्षे वजा करू शकते, म्हणून हिशेबात ती वर्षे धरू नयेत.

सल्लागार घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. घेणार असाल तर ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर सल्लागार नोंदणी प्राधिकरणाच्या सार्वजनिक यादीत त्या व्यक्तीचे नाव आणि क्रमांक स्वतः तपासावा. भारतात बसून सल्ला देणाऱ्याला ती नोंदणी सक्तीची नाही, म्हणून ही खात्री आपणच करावी लागते. निमंत्रणाची हमी कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

निमंत्रण मिळावे म्हणून आधी ऑनलाइन नोंदवायची इच्छा म्हणजे ईओआय (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट). ती भरताना परीक्षणाचा आणि इंग्रजीचा निकाल हाती असावा लागतो. ईओआय दोन वर्षे टिकते आणि निमंत्रण आल्यावर अर्जासाठी ६० दिवस मिळतात. ईओआयमध्ये मागितलेला प्रत्येक गुण पुराव्याने सिद्ध करावा लागतो. न झाल्यास अर्ज फेटाळला जातो आणि शुल्क परत मिळत नाही. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेमार्फत काढावा, आणि मागील १० वर्षांत एकूण १२ महिने किंवा अधिक काळ अन्य देशात काढला असेल तर त्या देशाचाही मागवावा. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष जर्मनीत राहून आलेल्यांना हे आठवत नाही. वैद्यकीय तपासणी ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेल्या पॅनेलवरील डॉक्टरांकडेच होते आणि कुटुंबातील एकाचा निकाल सर्वांच्या अर्जावर परिणाम करतो. घरात कोणाला जुना क्षयरोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुलाला विशेष मदतीची गरज असेल तर जुने अहवाल आणि उपचार पूर्ण झाल्याचे पत्र आधीच जमवून ठेवावे.

आता घर आणि पैसा. पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात देत असलेली ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते, तेव्हा भाडे ठरवताना हे धरावे. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने उगमस्थानी करकपात करायची असते, हे त्याला करारातच सांगावे. घराच्या व्यवहारांसाठी भावाच्या किंवा विश्वासू नातलगाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच हवेली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. ते एका मिळकतीपुरते आणि ठरावीक अधिकारांपुरते असावे. गावी शेती असल्यास सातबारा आणि वारस नोंद अद्ययावत करून घ्यावी, कारण अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे भारतातील रुपयांचे खाते, करावे लागते. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही. निवासी असेपर्यंत प्रत्येक प्रौढाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मार्चअखेर आणि एप्रिल अशा दोन वर्षांत ती विभागण्याचा विचार सनदी लेखापालाशी बोलून करावा.

आई-वडिलांचा विषय शेवटी ढकलू नये. या अर्जात जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले येतात, आई-वडील येत नाहीत. त्यांच्या स्वतंत्र कायम व्हिसासाठी साधारणपणे किमान निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात असावी लागतात आणि प्रतीक्षा अनेक वर्षांची असते. आई-वडिलांसाठीचा ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा ३ किंवा ५ वर्षांचा, एकूण १० वर्षांपर्यंतचा आहे आणि त्याचे शुल्क जड आहे. हे त्यांना स्पष्ट शब्दांत, निमंत्रण येण्याच्या आधी सांगावे. त्यांचा मेडिक्लेम मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या गट पॉलिसीवर असेल तर राजीनाम्याबरोबर तो संपतो. नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून ती पॉलिसी स्थलांतराच्या विचाराबरोबरच घ्यावी. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीने देता येतो. तो आपण पुण्यात असताना त्यांच्याकडून एकदा करून घ्यावा. नेहमीचे डॉक्टर, जवळचे रुग्णालय, सोसायटीतील एक शेजारी, विद्युत बिल भरणारी व्यक्ती आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे सर्व मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावे.

मुलांची शाळा ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होते, जूनमध्ये नव्हे. दहावीला असलेल्या मुलाला परीक्षा देऊन निघू द्यावे, मध्येच काढू नये, असे मला वाटते. लसीकरणाचे कार्ड जपावे, कारण तिथल्या डॉक्टरांकडून त्या नोंदी ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण नोंदवहीत घालून घ्याव्या लागतात. व्हिसाच्या मंजुरीपत्रात पहिल्या प्रवेशाची अंतिम तारीख दिलेली असेल तर ती आधी वाचावी. ती बहुधा पोलिसांच्या दाखल्याच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या मुदतीवरून ठरते. नोकरीचा नोटीस कालावधी, शाळा सोडल्याचा दाखला आणि विमानाची तिकिटे ही तिन्ही त्या तारखेपासून उलटे मोजून ठरवावीत.