बालरुग्णालयात संशोधन करताय? पीएचडीची वर्षे खाणाऱ्या या चुका टाळा

बालरुग्णालयाच्या संशोधन केंद्रात आलेला विद्यार्थी पिपेट चालवण्यात सहसा कमी पडत नाही. तो अडतो ते परवानग्यांत, अर्धा मिलिलिटर रक्तात आणि वॉर्डच्या वेळापत्रकात. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: मोठ्यांवरच्या अभ्यासाचा आराखडा घेऊन त्यात फक्त वय बदललेले असते.

एथिक्सचा अर्ज ‘आधी प्रयोग बसू दे’ म्हणून लांबवणे

मुलांवरच्या अभ्यासात एथिक्स समितीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या) शंका जास्त येतात, आणि मंजुरीनंतर रक्त अर्ध्या मिलिलिटरने वाढवायचे किंवा एक प्रश्नावली जोडायची म्हटले तरी दुरुस्तीचा नवा अर्ज लागतो. म्हणून पहिल्याच अर्जात नमुने किती वर्षे साठवणार, उरलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) पुढच्या अभ्यासाला वापरणार का, घरी गेल्यावर पालकांना फोन करणार का, हे सगळे लिहून टाका. रुग्णालयाच्या परवानग्या वेगळ्या असतात: नोंदी पाहण्याची मुभा, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचे) प्रमाणपत्र, गोवर-कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा. लसीकरणाचा कागद नसल्याने वॉर्डच्या दारातून परत फिरणारे विद्यार्थी कमी नाहीत. हे कागद पहिल्या आठवड्यात हलवा.

मंजुरी येईपर्यंत विकत मिळणाऱ्या कंट्रोल सीरमवर किंवा सेल लाइनवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) पद्धत बसवता येते. ‘लॅबमध्ये उरलेले रक्त आहेच की’ म्हणून ते उचलू नका, त्यालाही परवानगी लागते.

संमतीपत्राची गडबड बहुधा एकाच पद्धतीने होते. वॉर्डच्या खणात जुन्या आवृत्तीचा गठ्ठा पडलेला असतो, नवी आवृत्ती मंजूर झालेली असते, आणि रात्रपाळीत सही जुन्यावर होते. पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा, नवी आली की जुना गठ्ठा स्वतः उचलून आणा. तरीही चूक झालीच तर मागची तारीख घालून कागद ‘नीट’ करू नका. प्रोटोकॉलपासून विचलन म्हणून नोंद करा, समितीला कळवा, आणि त्यांच्या सूचनेनुसार योग्य प्रतीवर त्या दिवसाचीच तारीख घालून सही घ्या.

पालकांची संमती म्हणजे मुलाचा होकार नव्हे. साधारण सात वर्षांपुढच्या मुलाला अनेक समित्या स्वतंत्र असेंट फॉर्म लावतात, वयाची रेषा मात्र आपल्या समितीलाच विचारून घ्या. अभ्यास चालू असताना कोणी सज्ञान झाले तर त्याची स्वतःची संमती नव्याने लागते. नोंदवहीत ‘सज्ञान होण्याची तारीख’ हा रकाना सुरुवातीलाच ठेवा.

रक्ताचा हिशेब ट्यूबच्या मापाने करणे

इथे थोडे थांबू, कारण आराखडे सगळ्यात जास्त इथेच कोसळतात. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलि रक्त असते. युरोपातल्या मार्गदर्शक शिफारशीनुसार संशोधनासाठीचे रक्त एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तीन किलोच्या बाळाचे रक्त २४० मिलि धरले, तर एका वेळी २.४ मिलि आणि चार आठवड्यांत ७.२ मिलि. ९०० ग्रॅमच्या बाळाला एका वेळी ०.७ मिलिच्या आसपास. आपल्या समितीची मर्यादा वेगळी असू शकते, तीच पाळायची. शिवाय याच बाळाचे उपचारासाठीचे रक्तही रोज निघत असते, म्हणून संशोधनाचा नमुना शक्यतो त्याच टोचणीत बसवा.

आता त्यातून हाती काय येते ते बघा. नवजात बाळाचे हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५५ टक्के असेल तर ०.५ मिलि रक्तात प्लाझ्मा कागदावर २२५ मायक्रोलिटर. पेशींचा थर न हलवता उचलायला गेलात तर दीडशेच्या आसपास. प्लेटच्या एका विहिरीमागे (खाचेमागे) १०० मायक्रोलिटर मागणारी एलायझा (प्रथिने मोजणारी चाचणी) दुहेरी लावायची तर २०० लागतात, म्हणजे पहिलीच चाचणी बसत नाही. उपाय तीन: कमी नमुन्यात अनेक घटक मोजणारी मल्टिप्लेक्स पद्धत, वाळलेल्या रक्ताचे ठिपके, किंवा नमुना विरळ करणे. विरळ करणार असाल तर एकत्र केलेल्या सीरमवर १:२, १:४, १:८ लावून गुणाकारानंतर आकडा तोच येतो का ते आधी तपासा. प्रोटोकॉलमध्ये ‘२ मिलि रक्त’ लिहिण्याआधी हा हिशेब सुपरवायझरसमोर ठेवावा.

नमुना बिघडण्याची कारणे नेहमीचीच आहेत. टाच पिळून काढलेले रक्त हिमोलाइज होते, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात, आणि पोटॅशियम व एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स खोटी वाढतात. ईडीटीएचा (ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) अंश दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली जाते. पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम तळाला असा निकाल दिसला की बाळाआधी ट्यूबवर संशय घ्या. सिट्रेट (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये एक भाग सिट्रेटला नऊ भाग रक्त हेच प्रमाण लागते, आणि हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांवर असेल तर सिट्रेट कमी करावे लागते. प्लाझ्माचा रंग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्याबरोबर तक्त्याशी ताडून लिहा. फ्रीझरमधून सहा महिन्यांनी काढल्यावर तो गुलाबी होता की कावीळीने पिवळा, हे कोणाला आठवत नाही.

‘३००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) दहा मिनिटे’ हे वाक्यही काढून टाका. १६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १६१० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट बळ), ८ सेंमीवर जेमतेम ८०५. दोन मजल्यांवर दोन सेंट्रिफ्यूज असतील तर एकाच बाळाचे नमुने दोन तऱ्हेचे निघतील. प्रोटोकॉलमध्ये जी लिहा.

साठवताना ५० मायक्रोलिटरचे भाग करा, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाही. पण ते २ मिलिच्या ट्यूबमध्ये ठेवू नका, रिकाम्या जागेत नमुना हळूहळू सुकतो. लहान ट्यूब घ्या आणि क्रायो-लेबल गोठवण्याआधी चिकटवा.

वय ‘वर्षांत’ लिहिणे

नवजात बाळाचे वय दिवसांत, किंबहुना पहिल्या आठवड्यात तासांत लागते. बिलिरुबिनचा (कावीळ दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा) आकडा वयाच्या तासांशिवाय वाचताच येत नाही. जन्मतारीख विश्लेषणाच्या फाइलमधून काढायचीच आहे, पण काढण्याआधी नमुन्याच्या वेळचे वय मोजून स्वतंत्र रकान्यात ठेवा.

मुदतपूर्व बाळांत दुसरी चूक होते. ३० आठवड्यांना जन्मलेले बाळ २६ आठवड्यांचे झाले तर त्याचे दुरुस्त वय (पूर्ण ४० आठवड्यांपासून मोजलेले) १६ आठवडे. साध्या वयाने झेड-स्कोअर (त्या वयाच्या सरासरीपासून किती दूर ते सांगणारा आकडा) काढलात तर धडधाकट बाळ खुजे ठरते. दुरुस्ती साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत दोन वर्षांखाली लांबी झोपवून, त्यापुढे उंची उभे करून मोजतात, आणि दोन्हींत ०.७ सेंमीचा फरक धरतात. दीड वर्षाच्या मुलाला उभे करून मोजले असेल तर ०.७ मिळवा. जुळी भावंडे दोन सुटे नमुने म्हणून मोजू नका, कुटुंबाचा क्रमांक ठेवा आणि संख्याशास्त्रज्ञाला तो दाखवा.

‘महिन्याला वीस पेशंट येतात’ यावर विसंबणे

वीसपैकी निकषांत दहा बसतात. त्यातले चार रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी येतात, तेव्हा तुम्ही नसता. उरलेल्या सहांपैकी निम्मे पालक नाही म्हणतात, आणि आजारी मूल मांडीवर असताना ते म्हणणारच. हाती तीन. साठ नमुने हवे असतील तर वीस महिने. हे गुणोत्तर तुमच्या वॉर्डाचे काय आहे ते आराखडा पक्का करण्याआधी परवानगीने काही आठवडे नोंद ठेवून बघा. ब्रॉन्किओलायटिससारखा (लहान बाळांच्या बारीक श्वासनलिकांचा दाह) आजार हंगामी असतो, मंजुरी हंगाम उलटल्यावर आली तर वर्ष गेले. सिस्टरना पाळी बदलताना गाठू नका, तेव्हा कोणालाच वेळ नसतो.

दोन मार्गदर्शक, आणि निर्णय कोणाचाच नाही

विद्यापीठाचा मार्गदर्शक प्रबंध बघतो, डॉक्टर मार्गदर्शक पेशंट बघतो. एकाला प्रकरणे हवीत, दुसऱ्याला नमुने. दोघांना वेगवेगळे भेटत राहिलात तर दोन प्रबंध होतील. तीन महिन्यांतून एकदा दोघे एका खोलीत, आणि त्याच संध्याकाळी ठरलेल्या गोष्टींचा पाच ओळींचा मेल दोघांना. लेखकांचा क्रमही तिथेच, आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) लेखकत्वाचे चार निकष समोर ठेवून बोलून घ्या. नमुने पुरवले एवढ्यावर लेखक होता येत नाही, हे शेवटी सांगण्यापेक्षा आधी सांगणे सोपे जाते.

केंद्राची चूक वेगळी. अभ्यासातले मूल दगावले की डॉक्टर आणि सिस्टर आपापसांत बोलून घेतात, प्रयोगशाळेतला विद्यार्थी मात्र त्याच्या नावाची ट्यूब हातात घेऊन एकटा बसतो. ‘कधीही या, दार उघडे आहे’ याने भागत नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला कोण फोन करणार ते नावानिशी ठरलेले हवे, आणि त्या नमुन्यांचे व पालकांशी पुढच्या संपर्काचे काय करायचे ते प्रोटोकॉलमध्ये. त्या घरी पाठपुराव्याचा आपोआप जाणारा मेसेज त्याच दिवशी बंद करणे हे पहिले काम.