घुबडं आणि शिकारी पक्षी: हिवाळ्यातल्या या चुका टाळा

दिवाळी सरली, कापसाची वेचणी रंगात आली की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, घुबड कुठं भेटंल?" विचारणाऱ्याने बहुतेक नवी लेन्स घेतलेली असते आणि त्याला एका रविवारच्या सकाळीच फोटो हवा असतो. अकोला-वाशिमकडच्या माळांवर आणि नाल्यांत मी कित्येक हिवाळे काढलेत. दरवर्षी त्याच चुका पाहून आता जीव विटलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घरट्यावर जाणं. बरेच पक्षी उन्हाळ्या-पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणून थंडीत घरटं असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. पण शृंगी घुबडाची (कानांवर शिंगांसारखी पिसं असलेलं मोठं घुबड) वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालते, पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाचीही त्याच सुमारास. शृंगी घुबड काड्या जमवत नाही. नाल्याच्या दरडीत, झुडपाआड एखाद्या कपारीत उघड्या मातीवर दोन ते चार अंडी असतात. मादी महिनाभर त्यांच्यावर बसते आणि नर तिला उंदीर आणून देतो.

एका जानेवारीत अशी जागा मी एका ओळखीच्या फोटोग्राफरला दाखवली. समोरच्या काठावरून, तुरीच्या आडून पाहायचं असं बजावलंही होतं. दुसऱ्या दिवशी तो मला न सांगता आणखी तिघांना घेऊन गेला. फोटोत काड्या आडव्या येतात म्हणून त्यांनी कपारीपुढची झुडपं छाटली आणि खाली उतरून उभे राहिले. मादी भर दुपारी उडाली, कावळ्यांनी तिला पार पलीकडच्या बाभळींपर्यंत पिटाळलं. संध्याकाळी वावराच्या मालकाचा फोन आला. "भाऊ, तुमचे पाहुणे गेले अन् कावळ्यायनं दिवसभर गलका केला. घुबडीन काई परत आली नाई." मी गेलो तेव्हा कपारीत फुटकी टरफलं होती. त्या माणसाला फोटो मिळाला, लोकांनी वाहवाही केली. पुढची दोन वर्षं ती दरड रिकामी राहिली.

तेव्हापासून मी घरट्याची जागा कुणालाच सांगत नाही, मित्रालाही नाही. फोटोसोबत गावाचं नाव टाकत नाही, मोबाइलचं लोकेशन बंद ठेवतो. एक फांदीही हलवत नाही. काडी आडवी आली तर ती फोटोत राहू द्यावी. घुबडाने डोळे मोठे करून तुमच्याकडे पाहिलं, कानावरची पिसं ताठ केली किंवा अंग आक्रसून बारीक झालं, तर तुम्ही फार जवळ आलात. तिथूनच मागे फिरा.

घुबड शोधायलाही लोक उगाच दरडी तुडवतात. कोतवाल, बुलबुल आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असतील तर तिथे दुर्बीण लावा. झाडाखाली पांढरी विष्ठा आणि घुबडाने ओकलेल्या केसा-हाडांच्या गोळ्या दिसल्या तर ठिकाण पक्कं झालं. आणि शेतकऱ्याला विचारा. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माणसाइतकं घुबड कुणीच ऐकलेलं नसतं.

मोबाइलवर आवाज लावून पिंगळा बोलावू नका. बांधलेला उंदीर ठेवून फोटो काढणाऱ्याशी मी बोलतच नाही. रात्री डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. अंधारात अनोळखी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून तर अजिबात जाऊ नका, रानडुकरांसाठी कुठे कुठे तारेत करंट सोडलेला असतो.

आता भोवत्या, म्हणजे हॅरियर. त्यातले पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींचे पक्षी ऑक्टोबरच्या सुमारास मध्य आशियाकडून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित उचलून तरंगत जातात. तो दिसला की लोक जीप सोडतात त्याच्यामागे. गाडी धावते, पक्षी पुढे सरकतो, असं चार वेळा झालं की तो माळच सोडतो. फोटो मिळतो तो फक्त शेपटीचा. शिवाय हे पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवर एकत्र रात्र काढतात. त्यांच्या मुक्कामाच्या गवतातून टायर फिरवणं मला तरी बघवत नाही.

मी सूर्यास्ताच्या दीड तास आधी माळाच्या कडेला बाभळीखाली बसतो, ऊन पाठीशी घेऊन. उठत नाही. तो एकाच धुऱ्यावरून पुन्हापुन्हा फेऱ्या मारतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला आपसूक समोर येतो. शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या खाली आणत नाही. पॅलिडचा नर जवळजवळ पांढरा असतो, हिरव्या हरभऱ्यावर फोटोत त्याची पिसं नुसती पांढरीफटक येतात, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मापाने तेवढं, कमी ठेवतो. कापशी या पांढुरक्या घारीलाही तेच. आभाळात उडणाऱ्या गडद पक्ष्याला मात्र एक स्टॉप वाढवावा लागतो.

तपकिरी पक्षी दिसला की "शिक्रा" (छोटा ससाण्यासारखा शिकारी पक्षी) म्हणायची घाई करू नका. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असेल तर बहुतेक हॅरियरची मादी किंवा पिल्लू. पॅलिड की माँटेग्यू हे एका फोटोवरून ठरवू नका, पंखाखालची बाजूही टिपा.

सकाळी दहानंतर काळी माती तापून हवा थरथरते, दूरचे फोटो धूसर येतात. तेव्हा कॅमेरा आवरा आणि चहा घ्या. पहाटे थंडीतून गरम खोलीत शिरताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा, तासाभराने उघडा. नाहीतर लेन्सवर दव बसतं आणि लोक ते गमछ्याने पुसतात.