विद्यापीठाच्या लिलावात घोडा घेताना या चुका टाळा

अमेरिकेत अश्वविज्ञान शिकवणारी काही विद्यापीठं निधी उभारण्यासाठी घोड्यांचा लिलाव भरवतात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा फोर्ट कॉलिन्समधला ‘लेजेंड्स ऑफ रँचिंग’ हा त्यातला नावाजलेला. रँचवाले, म्हणजे गुराढोरांचे मोठे मळे चालवणारे, आपले क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचे तरुण घोडे विद्यार्थ्यांच्या हाती देतात, विद्यार्थी त्यांना तयार करतात आणि वसंतात ते घोडे लिलावात उभे राहतात. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं रायडिंग शिकतात, स्वतःच्या घोड्याचा विषय निघतो, आणि विद्यापीठाचा लिलाव म्हणजे विश्वासाची जागा असं वाटतं. जागा चांगलीच असते. इथल्या घोड्यांना माणसाच्या हाताची सवय असते आणि नोंदीही बहुधा नीट ठेवलेल्या असतात. तरीही चुकीचा घोडा घरी येतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: देणगी आणि घोडा हे दोन वेगळे निर्णय एकाच बोलीत मिसळले जातात.

“पैसे चांगल्या कामालाच जातात” म्हणून बोली वाढवणं

लिलावाची रात्र भावनेची असते. ज्या विद्यार्थिनीने घोडा शिकवला तीच त्याच्यावर बसून रिंगणात येते, शिष्यवृत्त्यांची घोषणा होते, टाळ्या पडतात. ठरवलेल्या मर्यादेवर आणखी हजार डॉलर देताना हात आखडत नाही, कारण ते दान वाटतं.

आधी हिशोब विचारा. घोडा रँचचा असेल तर विक्रीची मोठी रक्कम सहसा रँचला जाते आणि विद्यापीठाला कमिशन मिळतं. घोडा विद्यापीठाच्या मालकीचा किंवा दान आलेला असेल तर गोष्ट वेगळी. कॅटलॉगमध्ये घोड्याच्या नावाखाली मालकाचं नाव असतं, ते वाचा.

करसवलतीतही गफलत होते. अमेरिकी नियमांनुसार धर्मादाय लिलावात घेतलेल्या वस्तूच्या वाजवी बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच देणगी धरता येते, आणि बोली लावतानाच तो बाजारभाव कमी आहे हे तुम्हाला माहीत होतं, असं दाखवता यावं लागतं. उघड लिलावात तीन-चार जणांनी चढाओढ करून ठरवलेली किंमत हाच बाजारभाव मानला जाण्याची शक्यता दाट असते. म्हणजे सवलत शून्य. विद्यापीठाला मदत करायची असेल तर वेगळा चेक द्या. वजावटी तपशीलवार दाखवत असाल तर ती रक्कम देणगी म्हणून धरता येते. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीसाठी संस्थेची लेखी पोच घ्या. घोड्याची बोली मात्र घोड्याकडे बघूनच लावा.

विद्यार्थ्याने शिकवलेला घोडा म्हणजे तयार घोडा, असं धरणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. दोन-तीन वर्षांचा घोडा एखादं सत्र किंवा एक शैक्षणिक वर्ष शिकला, म्हणजे त्याला काही महिन्यांचा अनुभव आहे. रोज तोच मुलगा, तेच रिंगण, वर लक्ष ठेवणारा प्रशिक्षक, अशा बंदिस्त व्यवस्थेत तो शांत असतो. तुमच्या तबेल्यात नवा माणूस, नवी जागा, शेजारी अनोळखी घोडे. तोच घोडा तिसऱ्या आठवड्यात दचकायला, लगाम ओढायला लागतो. त्याच्यात खोट नसते, तो कच्चा असतो. शरीरानेही तो वाढत असतो: पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते, त्यामुळे जड स्वार आणि रोजची लांब रपेट त्याच्यासाठी नाही.

काही कार्यक्रमांत तर घोड्यावर कोणी बसलेलंच नसतं. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या कार्यक्रमातली कोवळी शिंगरं फक्त हाताळणी शिकवून ऑनलाइन लिलावात विकली गेली आहेत. म्होरकी घालू देणं, खूर उचलू देणं, ट्रेलरमध्ये चढणं एवढंच शिक्षण. ते मोलाचं आहे, पण स्वारीपर्यंतचा रस्ता पुढे पूर्ण बाकी असतो. म्हणून कॅटलॉगमधले शब्द काटेकोर वाचा: ‘हाताळलेला’, ‘स्वारीची सुरुवात झालेला’ आणि ‘स्वारीला तयार’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

स्वार नवखा आणि घोडाही नवखा ही जोडी टाळाच. शिकाऊ मुलासाठी विद्यापीठाच्या रायडिंग वर्गातून निवृत्त होणारा बारा-पंधरा वर्षांचा घोडा कितीतरी सुरक्षित. मात्र त्याला का काढताहेत हे थेट विचारा. ‘आता उडीचं काम झेपत नाही’ हे उत्तर चालण्यासारखं आहे. ‘रोज दुखण्याचं औषध दिलं की चालतो’ या उत्तरावर आधी पशुवैद्याशी बोला. वजनाचा ढोबळ नियम असा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो झाले.

घोडा फक्त रिंगणात बघणं

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा चालवून बघता येतो, भाव करता येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. इथे रिंगणात काही मिनिटांत खेळ संपतो. म्हणून खरी खरेदी आदल्या दिवशीच्या प्रिव्ह्यूत, म्हणजे लिलावाआधी घोडे दाखवतात तेव्हा होते.

सकाळी लवकर पोहोचा. खोगीर चढवण्याआधी घोडा लांब दोरीवर गोल फिरवून दमवलेला असेल तर त्याचा खरा स्वभाव दिसत नाही. पागेतून बाहेर काढण्यापासून सगळं डोळ्यांसमोर करायला सांगा: म्होरकी घालणं, बांधून उभा करणं, खरारा, चारही खूर उचलणं, खोगीर कसणं, चढणं, एकट्याने इतर घोड्यांपासून दूर जाणं, ट्रेलरमध्ये चढणं-उतरणं. कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागच्या पायाचं लंगडणं पुठ्ठ्याच्या असमान हालचालीत दिसतं.

विद्यार्थ्याशी बोला. मुलं बहुधा खरं सांगतात. तोंडात कोणतं कडियाळं वापरता? खोगिराचा आकार काय? कशाला घाबरतो? आठवडाभर सुट्टी दिली तर पहिल्या दिवशी कसा वागतो? कोणाला पाडलं आहे का? हा सुट्टीनंतरचा प्रश्न सोडू नका, कारण कामाला जाणाऱ्या माणसाचा घोडा बऱ्याचदा शनिवार-रविवारीच चालतो.

पशुवैद्यकीय तपासणी टाळणं किंवा उशिरा सुचणं

लिलावात घोडा ‘आहे तसा’ विकला जातो. हातोडा पडला की विक्री पूर्ण होते आणि बहुतेक ठिकाणी त्या क्षणापासून जोखीम तुमची. रात्री पागेत पोटशूळ उठला तरीही. विमा घ्यायचा असेल तर तो हातोडा पडल्यापासून लागू होईल अशी बोलणी आधीच करून ठेवा.

विद्यापीठाचं पशुवैद्यकीय रुग्णालय शेजारी असलं तरी तपासणीसाठी त्या घोड्यावर उपचार न करणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला डॉक्टर घ्या. तपासणीत हृदय, डोळे, दात, खूर आणि सांध्यांची वाकवून चाचणी येते. सांधा मिनिटभर वाकवून धरतात आणि लगेच घोड्याला दुडकवतात. तरुण घोड्यात मागच्या पायांच्या हॉक (घोट्यासारखा) आणि स्टायफल (गुडघ्यासारखा) सांध्यांचे एक्स-रे महत्त्वाचे, कारण हाड-कुर्चेचे वाढीतले दोष तिथे बरेचदा सापडतात. विक्रेत्याने एक्स-रे आधीच ठेवले असतील तर तारीख बघा आणि ते आपल्या डॉक्टरकडून वाचून घ्या. रक्ताचा नमुनाही काढून ठेवा. घरी आल्यावर घोडा अचानक लंगडू लागला किंवा बेफाम झाला, तर विक्रीच्या दिवशी वेदनाशामक किंवा शांत करणारं औषध दिलं होतं का, हे त्यावरून कळू शकतं.

क्वार्टर हॉर्स घेत असाल तर जनुकीय चाचण्यांचा अहवाल मागाच. नेहमीच्या संचात हे दोष असतात: एचवायपीपी, पीएसएसएम-१, एमएच (भूल दिल्यावर किंवा ताणात ताप धोकादायक वाढणं), हेर्डा (कातडी सैल पडून सहज फाटणं), जीबीईडी (यात शिंगरू जगत नाही) आणि एमवायएचएम (स्नायू झडणं). एचवायपीपीचा उगम १९६९ साली जन्मलेल्या ‘इम्प्रेसिव्ह’ या घोड्याच्या वंशात आहे. त्यात रक्तातल्या पोटॅशियमचा तोल जाऊन स्नायू थरथरतात, घोडा कोसळूही शकतो. २००७ पासून जन्मलेल्या, दोन्ही बाजूंनी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून, हा दोष आलेल्या शिंगरांची क्वार्टर हॉर्स संघटना नोंदणी करत नाही. एका बाजूने दोष आलेला घोडाही आजारी पडू शकतो. त्याला अल्फाल्फा (लसूणघास), मळी असा पोटॅशियमने भरलेला चारा चालत नाही. पीएसएसएम-१ मध्ये कामानंतर स्नायू आखडतात आणि कमी स्टार्चचा खुराक कायमचा लागतो. हेर्डा आणि जीबीईडी दोन्ही बाजूंनी आले तरच घात करतात, त्यामुळे एका बाजूचा वाहक स्वारीला चालतो, पैदाशीला विचार करूनच. अहवालात ‘एन/एन’ लिहिलं असेल तर तो दोष नाही.

अहवाल नसेल तर आयाळ किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले २०-३० केस प्रयोगशाळेत पाठवता येतात. पण निकालाला दिवस लागतात. लिलावाच्या सकाळी ही आठवण येऊन उपयोग नाही, कॅटलॉग हाती पडताच विचारा.

बोलीचा आकडा उलट्या टोकाने न ठरवणं

बहुतेक जण बोली ठरवतात आणि बाकी खर्च नंतर मोजतात. उलट करा. समजा, तुमच्याकडे सगळे मिळून १२,००० डॉलर आहेत. ८०० मैलांची वाहतूक मैलाला २ डॉलर धरून १,६००, तपासणी व एक्स-रे ९००, चाचण्या आणि कागद २००, विमा ३००, पहिल्या महिन्याचा तबेला ७००. हे ३,७०० वजा जाता उरले ८,३००. त्यावर खरेदीदार शुल्क ५ टक्के आणि विक्रीकर ५ टक्के धरला तर बोलीची मर्यादा ७,५०० येते. आकडे उदाहरणादाखल आहेत. शुल्क, कर आणि कार्डाने पैसे भरण्याचा अधिभार त्या लिलावाच्या अटींत वाचा. मर्यादा कागदावर लिहून खिशात ठेवा.

बोली लावतानाचे तोटेही ठरलेले:

- रिंगणातून केलेली घोषणा छापील कॅटलॉगवर मात करते. ‘लाकूड चावून हवा ओढतो’ हे तिथेच सांगितलं जाऊ शकतं. गप्पा मारत बसाल तर ते तुमच्याच पदरात पडेल.
- लिलावकर्त्याचा सूर भरभर चालतो आणि नवखा माणूस स्वतःच्याच बोलीवर बोली चढवतो. समोरच्या बोली-टिपणाऱ्याला सरळ विचारा, “आत्ता वरची बोली माझी आहे ना?” नवरा-बायकोपैकी एकानेच हात वर करावा.
- ऑनलाइन लिलावात चित्र काही सेकंद मागे असतं. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे टपून बसण्याचा फायदा नाही. कमाल बोली आधी भरा आणि लॅपटॉप मिटा.
- राखीव किंमत (मालकाने ठरवलेली किमान किंमत) न गाठल्याने घोडा परत गेला तर लगेच मालकाला गाठा. लिलावाच्या अटींत बसत असेल तर तिथे शांतपणे भाव होऊ शकतो.

कागद न घेता ट्रेलर हलवणं

दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी साधारणपणे दोन कागद लागतात. कॉगिन्स चाचणी, म्हणजे अश्वांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची चाचणी, निगेटिव्ह असावी. ती बहुतेक राज्यांत १२ महिने चालते, काही ठिकाणी कमी. दुसरा कागद पशुवैद्याचा आरोग्य-दाखला, सहसा ३० दिवसांचा. पश्चिमेकडच्या राज्यांत डागाची, म्हणजे अंगावर उमटवलेल्या मालकीच्या खुणेची (ब्रँडची) तपासणीही असते: कोलोरॅडोत मालकी बदलताना, राज्यात ७५ मैलांपेक्षा लांब नेताना आणि राज्याबाहेर नेताना ती कायद्याने लागते. निरीक्षक बहुधा लिलावाच्या जागीच असतो. त्याचा कागद न घेता निघालात तर नंतर धावपळ होते. नोंदणी-हस्तांतरणाच्या अर्जावर विक्रेत्याची सही तिथेच घ्या, आणि नोंदणीपत्रावरच्या खुणा, रंग, लिंग समोरच्या घोड्याशी ताडून बघा.

घरी आल्याबरोबर कळपात सोडणं

लिलावात अनेक तबेल्यांचे घोडे एकत्र येतात. स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा आजार तिथून घरी येऊ शकतो, आणि एमवायएचएमचा दोष असलेल्या घोड्यात अशाच जिवाणूंच्या संपर्कानंतर स्नायू झपाट्याने झडू शकतात. दोन ते तीन आठवडे नवा घोडा वेगळा ठेवा. पाण्याची बादली, खराऱ्याचा ब्रश, फावडं वेगळं, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. तापमान दिवसातून दोनदा मोजा: ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक.

लांबच्या प्रवासात डोकं उंच बांधून ठेवलं तर श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. म्हणून दर चार-सहा तासांनी थांबा, पाणी द्या, डोकं खाली घेऊ द्या.

विद्यापीठाकडून आठवडाभराचं तेच गवत आणि तोच खुराक मागून घ्या. नवा चारा ७ ते १० दिवसांत थोडा थोडा मिसळत न्या. चारा एकदम बदलणं हे पोटशूळाचं नेहमीचं कारण आहे. ४५० किलोच्या घोड्याला रोज ७ ते ९ किलो सुकं गवत लागतं आणि पाणी समोर कायम हवं. अनोळखी पाण्याला तोंड लावत नसेल तर दुसऱ्या बादलीत चिमूटभर मीठ घालून बघा.

पहिले तीन-चार दिवस स्वारी नको. हातात धरून फिरवा, जागा दाखवा. लीद बंद झाली, खाणं सुटलं, पोटाकडे वळून बघत पाय आपटू लागला किंवा ताप ३८.६ च्या वर गेला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. प्रवासानंतरच्या आठवड्यात सुका खोकला आणि मलूलपणा दिसला तरी तेच करा.